फ्राउके हातातून खाते

ओस्टरवार्फ, ९ ऑक्टोबर १९९३

प्रिय टाल्के,

तू सांगितलंस तसं केलं. कुत्रा आणला. कुत्री आहे. सध्या ती मागच्या धुण्याच्या खोलीत वॉशिंग मशीनच्या मागे बसली आहे, मी स्वयंपाकघरात बसून तुला लिहिते आहे, आणि घर कालच्याइतकंच शांत आहे.

हाब्बो गेल्यापासून प्रत्येक पत्रात तुझं एकच, "गेशे, नवरा गेला, आता घरात काहीतरी श्वास घेणारं आण." शेवटी शेजारच्या त्यार्कला म्हटलं, मला कुत्र्यांच्या शेल्टरला ने. तो म्हणाला, "मेंढ्यांच्या गाडीतून नेतो. येताना वास कुणाचा कुणाला लागतो ते बघू." तुला माहीतच आहे तो कसा बोलतो. पण नेलं त्याने, आणि पेट्रोलचं विचारलं तर नुसता हात झटकला.

तिथल्या बाईंनी मला सगळे पिंजरे दाखवले. आम्ही जवळ गेलो की कुत्री जाळीवर उड्या मारायची, जिभा बाहेर काढायची. ही एकटी भिंतीकडे तोंड करून बसली होती. हाब्बोच्या अंत्यविधीनंतर लोक भेटायला यायचे तेव्हा मी बसायचे ना, तशी. मी म्हटलं, ही. बाई म्हणाल्या, "शेपटी हलवणारी हवी असेल तर दुसरी घ्या. ही नाही हलवणार." कुणीतरी एका गोठ्यात पिल्लं विकायचा धंदा मांडला होता. ही तिथे पिंजऱ्यात व्यायची, पिल्लं काढून नेली की पुन्हा व्यायची. पोलिसांनी गोठा बंद केला तेव्हा तिला गवतावर ठेवलं, तर ती पाय उचलून धरायला लागली. गवत माहीतच नव्हतं तिला.

तपकिरी आहे, केस राठ, एका कानाची कड फाटलेली. नाव नव्हतं. मी फ्राउके ठेवलं. बाई निघताना म्हणाल्या, "घाई करू नका. आणि एकच हात असू द्या. खायला घालणारा हात बदलला की अशी कुत्री पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात."

दुपारपासून तिने काही खाल्लेलं नाही. तू असतीस तर काय केलं असतंस ते लिही. मी इथला फोन काढून टाकला ते बरंच केलं, कानात नुसती घरघर यायची, तुझं अर्धं बोलणं वाया जायचं.

तुझी
गेशे


कासेल, १६ ऑक्टोबर

गेशे,

मी कुत्रा आण म्हटलं होतं, भाडेकरू नव्हे. आणि फ्राउके? शाळेतल्या आपल्या शिवणाच्या बाईंचं नाव? त्याही कुणाच्या हातातून काही घ्यायच्या नाहीत. वही टेबलावर ठेवायला लावायच्या आणि मग पट्टीने आपल्याकडे ओढायच्या. नाव शोभतं म्हणायचं.

आता ऐक. तिच्याकडे बघायचं नाही. हाक मारायची नाही. जमिनीवर बस, पाठ तिच्याकडे कर आणि काहीतरी विणत राहा. गुडघे दुखतील, दुखू देत. लहानपणी तू रुसून कोळशाच्या खोलीत जाऊन बसायचीस तेव्हा आई हाका मारून थकायची. मी दाराबाहेर बसून सफरचंद खायचे, कुरूम कुरूम आवाज करत. तू कधी ना कधी यायचीसच. तू काय आणि कुत्री काय, एकच जात.

माझं उत्तम. माझ्या इन्साच्या लग्नानंतर जो निळा स्कर्ट चढेनासा झाला होता तो आता चालता चालता घसरतो. काही न करता. बायका यासाठी काय काय सोसतात. जिन्याचं मात्र वय झालंय, पूर्वी तिसरा मजला एवढा उंच नव्हता. पहिल्या मजल्यावर शेजारीण फ्राऊ वेंट राहते, मी आताशा तिच्या दाराशी थांबून गप्पा मारते. बिचारी समजते, मला तिचा फार लळा आहे.

ॲडव्हेंटला ये, नाताळच्या आधी. मध घालून बिस्किटं करू. तुझ्या भाडेकरूलाही आण.

टाल्के


ओस्टरवार्फ, १४ नोव्हेंबर

प्रिय टाल्के,

उत्तराला उशीर झाला. दिवस कसे जातात कळत नाही, आणि हे मी वर्षभरात पहिल्यांदाच लिहिते आहे.

तू सांगितलंस तसंच करते. धुण्याच्या खोलीत फरशीवर उशी टाकून बसते, पाठ मशीनकडे, मोजे विणते. हाब्बोचा जुना स्वेटर उसवून लोकर काढली. पहिले कित्येक दिवस मागे काही हललंसुद्धा नाही. मग एकदा नखांचा आवाज आला, फरशीवर, एक पाऊल, आणि परत मागे. मी मान वळवली नाही. टाल्के, मला रडूच आलं, आणि रडताना खांदे हलू नयेत म्हणून कोण खटाटोप.

आता मी खोलीबाहेर गेले की खाते. ताटली चाटूनपुसून ठेवते.

एक वाईट झालं. फाटकाची कडी नीट लागली नव्हती. ती सुटली आणि थेट समुद्राच्या बंधाऱ्यावर, त्यार्कच्या मेंढ्यांत. पाठलाग नव्हती करत ग, भेदरून पळत होती, पण मेंढ्यांना ते काय कळणार. कळप फुटला आणि एक गाभण मेंढी चराच्या चिखलात रुतली. त्यार्कने कमरेपर्यंत आत उतरून तिला ओढून काढलं. मग माझ्या दारात येऊन उभा राहिला, चिखल निथळत. म्हणाला, "गेशे, ही पुन्हा माझ्या मेंढ्यांत दिसली तर गोळी घालीन. तुझ्यावर राग नाही. पण घालीन." मी आत ये, चहा घे म्हटलं. नाही आला. तेव्हापासून मी त्यांच्या अंगणावरून जातच नाही, मागच्या वाटेने जाते.

स्कर्टाचं छान झालं. माझं उलटंच चाललंय, फ्राउकेसाठी लिव्हर सॉसेज आणते आणि निम्मं मीच खाते.

ॲडव्हेंटचं अजून सांगता येत नाही.

तुझी
गेशे


कासेल, २५ नोव्हेंबर

गेशे,

एक पाऊल पुढे आणि परत मागे. मी फ्राऊ वेंटला वाचून दाखवलं, तिने स्वयंपाकघरात करून बघितलं. त्यार्कला सांग, कासेलहून एक म्हातारी येते आहे, आधी तिच्याशी गाठ आहे.

आता एक किरकोळ गोष्ट. डॉक्टरांना माझं पोट आतून बघायचं आहे. ८ डिसेंबरला. मी म्हटलं, बाहेरून पाहून पुष्कळ लोक खूश झालेत, पण त्यांना आतूनच बघायचंय. नंतर काही आठवडे घरात कुणी असलं तर बरं, असं ते म्हणतात. इन्सा ऑस्लोला, तिला सहावा लागला आहे, तिला मी हलवणार नाही. म्हणून मनात आलं, तू बिस्किटांना येणारच होतीस, तर थोडी जास्त राहशील का. पिशव्या वर आणायच्या, सूप तापवायचं, बाकी काही नाही. आणि फ्राउकेला आण. माझ्याकडेही वॉशिंग मशीन आहे, आणि त्याच्यामागे जागा तुझ्याकडच्यापेक्षा जास्त आहे.

नाही जमलं तर तसं लिही. मी काही मरत नाही.

टाल्के


ओस्टरवार्फ, १ डिसेंबर

प्रिय टाल्के,

तुझं पत्र आल्यापासून मी दुसरा विचार केला नाही. आणि आता नाही असं लिहिते आहे, त्याने मला किती वाईट वाटतंय ते तुला कळेल.

मी तिला आणायचा प्रयत्न केला. शेल्टरच्या बाई त्यांची गाडी घेऊन आल्या, म्हणाल्या, आधी गावापर्यंत नेऊन बघू. फ्राउकेने गाडीत सगळं घाण केलं, तेही चाललं असतं. पण तिने स्वतःचा पुढचा पाय चावून चावून सोलून काढला. रक्त यायला लागलं तरी थांबेना. आम्ही चर्चपासूनच परत फिरलो. आणि आगगाडीत तर डबा, माणसं, आवाज.

ठेवायची कुणाकडे? त्यार्कचं तुला माहीत आहे. बाईंना तिकडे चाळीसेक कुत्री बघायची असतात.

आणि दुसरं कारणही आहे. परवा तिने माझ्या हातातून खाल्लं. मी पाठ करून बसले होते, हात मागे, तळव्यावर सॉसेजचा तुकडा. हात बधिर झाला होता. मग गरम श्वास लागला, आणि तुकडा गेला. दात लागला नाही, जीभ लागली नाही, नुसता तुकडा गेला. मी कितीतरी वेळ तो हात धुतला नाही. आता मी गेले तर हे सगळं मोडेल. बाईही तेच म्हणाल्या.

जानेवारीत नक्की येते. तोवर ती जरा धीट होईल. तुझं काय, तू तर नर्सांनाच कामाला लावशील. आपल्या घरात खंबीर तूच.

मोजे सोबत पाठवते आहे. हॉस्पिटलच्या फरशा गार असतात.

तुझी
गेशे


कासेल, हॉस्पिटलातून, १७ डिसेंबर

गेशे,

मोजे पायात आहेत. हाब्बोच्या स्वेटरचे आहेत हे ओळखलं, कोपराला ठिगळ होतं तो ना? वॉर्डातल्या सगळ्या बायकांना हेवा वाटतोय.

ऑपरेशन झालं. मला वाटलं होतं दिवस जाईल, पण इतक्या लवकर बाहेर आले की इन्साचा फोन आला तेव्हा मी खोलीत होते. उघडलं, पाहिलं, शिवलं. त्यांना फारसं काही करावंच लागलं नाही. डॉक्टर तरुण आहे, हात अगदी स्वच्छ, माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतो. लाजाळू असावा.

तुझं हातातून खाल्ल्याचं पत्र इथे तीनदा वाचून झालं. शेजारच्या खाटेवरची बाई शेतावरची आहे, ती म्हणते, आता तळवा गुडघ्यावर ठेव, म्हणजे तिला समोरून यावं लागेल. पलीकडची म्हणते, घाई नको. दोघींचं त्यावरून वाजलं. पुढे काय झालं ते सविस्तर लिही. आखडू नकोस. श्वास कसा लागला, ती उभी कशी होती, सगळं लिही. रात्री जेवण झाल्यावर आम्हाला दुसरं काही नसतं.

जानेवारी ठीक आहे.

टाल्के


ओस्टरवार्फ, ३ जानेवारी १९९४

प्रिय टाल्के,

एवढ्या लवकर आटोपलं हे वाचून जीव भांड्यात पडला. हाब्बोला आत नेलं होतं तेव्हा सकाळची संध्याकाळ झाली, आणि जेवढा वेळ जास्त तेवढं वाईट हे मी तेव्हा शिकले. फार काही करावं लागलं नाही म्हणजे फार काही नव्हतंच. तू उगाच मला घाबरवलंस.

आता तुमच्या वॉर्डासाठी. शेतावरच्या बाईंचं बरोबर निघालं. मी तळवा गुडघ्यावर ठेवला. ती आधी भिंतीला घासत आली, डोकं खाली, मागचे पाय तसेच मागे ठेवून, म्हणजे अंग लांबच लांब झालं, पळायचं तर पळता यावं म्हणून. मग नाक पुढे. नाक ओलं आणि थंड होतं. घेतलं, आणि या वेळी पळाली नाही. तिथेच चावून खाल्लं. माझ्याकडे बघितलं तिने. डोळे काळे नाहीत, मधासारखे आहेत. एवढे दिवस घरात राहते आणि मला माहीत नव्हतं.

नाताळच्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली. मी चहा ओतत होते, कपात खडीसाखर तडकली त्या आवाजाला दचकली, पण गेली नाही. शेगडीजवळ बसली. मी चहात घालायची साय तशीच ठेवून उभी राहिले. चहा गार झाला.

पण आता तिला गर्भाशयाचा त्रास निघालाय, गोठ्यातलं जुनं दुखणं. डॉक्टर येऊन गेले, रोज गोळी द्यायची आहे, आणि गोळी ती फक्त माझ्याच हातून घेते. त्यामुळे जानेवारी काही जमेल असं दिसत नाही. थंडीही फार आहे. तू आता घरी गेली असशील, फ्राऊ वेंट आहेतच. मी ईस्टरला येते, चांगली दोन आठवडे राहते. तेव्हा तू मला शहर दाखव.

तुझी
गेशे


कासेल, २० जानेवारी

गेशे,

अक्षर वाकडं आहे, कारण मी आडवी आहे. घरी आले. फ्राऊ वेंट सूप आणते. चांगली आहे ग ती, पण सूपात मीठ नसतं आणि बोलण्यात तर नसतंच.

ईस्टर लांब आहे.

ये, गेशे. कुत्रीला घेऊन ये किंवा ठेवून ये. मी हे सहसा म्हणत नाही, तुला माहीत आहे. मला शहर दाखवायचं नाही. तू इथे खुर्चीत बसून विणत बसलीस तरी पुरे. माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल.

हे वाचून घाबरू नकोस, आजारी माणूस चिडचिड करतो तशातलं समज. गोळ्या चालू असतील तर पुऱ्या होऊ देत. नाही जमलं तरी मी काही रुसणार नाही, रुसायचं खातं आपल्यात तुझ्याकडे होतं.

खडीसाखर तडकल्यावर ती पुन्हा दचकते का?

टाल्के


ओस्टरवार्फ, ३१ जानेवारी

प्रिय टाल्के,

तू रुसणार नाहीस हे लिहिलंस म्हणून धीर आला. तुझं पत्र वाचून मी बॅग काढली होती, खरंच. बॅग पलंगावर ठेवली तर फ्राउके तिच्याकडे बघत दाराशी थरथरत उभी राहिली, आणि त्या दिवशी गोळी घेतली नाही. बॅग परत कपाटात ठेवली.

पण ठरवलंय. अकरा फेब्रुवारीला हाब्बोला वर्ष होतं, ते एकदा होऊ दे. तोवर गोळ्या संपतील. शेल्टरच्या बाई येऊन बघतो म्हणाल्या आहेत. मग मी येते, ईस्टरची वाट बघत नाही. विसाच्या सुमाराला धर.

नाही, आता दचकत नाही. आणि आज काय केलं सांगू? मी खुर्चीत बसले होते, ती आली आणि हनुवटी माझ्या सपातेवर ठेवली. पायावर नाही, सपातेवर, मी पाय काढून घेतला असता तरी तिला चाललं असतं अशी. मग झोपली. घोरते ती, टाल्के. अगदी हाब्बोसारखी, सुरुवातीला शिट्टी आणि मग करवत. मी उठलेच नाही, जेवणसुद्धा राहिलं.

सूपात मीठ घालून घे. लवकरच भेटू.

तुझी
गेशे


कासेल, ८ फेब्रुवारी

गेशेमावशी,

आई रविवारी सकाळी गेली. मी इथेच होते, महिन्याच्या शेवटी आले, विमान कंपनीने माझं पोट बघून आधी नाहीच म्हटलं होतं. तुझ्या घरी फोन नाही, म्हणून हे एक्सप्रेस टपालाने पाठवते आहे.

तुझं शेवटचं पत्र शुक्रवारी आलं. मी वाचून दाखवलं. तेव्हा ती फारशी जागी नसायची, पण सपातेच्या ठिकाणी हसली. "घोरते," म्हणाली. त्यानंतर ती जे बोलली ते मला नीट कळलं नाही.

मावशी, मला एक विचारायचं आहे, आणि मी ते रागाने विचारते आहे. डिसेंबरात पोट उघडलं तेव्हा कॅन्सर सगळीकडे पसरलेला होता, म्हणून त्यांनी तसंच शिवून टाकलं. आईला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला तिने नाताळात सांगितलं. मी म्हटलं, मावशीला बोलावू. ती म्हणाली, "गेशेला मी सगळं कळवलंय. तिला यायला जमत नाही. तिला त्रास देऊ नकोस." मी दर दोन दिवसांनी विचारायचे आणि ती हेच सांगायची. पलंगाशेजारच्या खुर्चीवर ती कुणाला बसू देत नव्हती.

तू सगळं माहीत असून आली नाहीस का?

अंत्यविधी मंगळवारी, पंधराला.

इन्सा


ओस्टरवार्फ, २४ फेब्रुवारी

प्रिय इन्सा,

कबरीपाशी तू माझ्याशी बोलली नाहीस. तुझी काही चूक नाही. तू विचारलंस त्याचं उत्तर मला तिथे देता आलं नसतं, तोंडाने तर नाहीच.

मी आधी लिहिणार होते की मला माहीत नव्हतं. पत्राची सुरुवातही तशी केली होती. मग मी टाल्केची पत्रं पुन्हा काढून वाचली. सगळं लिहिलेलं आहे, इन्सा. स्कर्ट, जिना, लाजाळू डॉक्टर. उघडलं, पाहिलं, शिवलं. 'ये' असं सरळ, लहान मुलालाही कळेल इतकं सोपं लिहिलं आहे. मी वाचत होते तेव्हा मला फक्त फ्राउकेबद्दल काय विचारलंय तेवढंच दिसत होतं. बाकीच्या ओळी डोळ्यांखालून गेल्या. तिने मला कळवलं होतं, ती तुझ्याशी खोटं बोलली नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्याकडे विचार करायला काही उरलं नव्हतं. शेल्टरच्या बाई तापाने पडल्या होत्या. मी फ्राउकेला चादरीत गुंडाळून उचललं, पहिल्यांदाच उचललं, ती लाकडासारखी ताठ झाली, आणि त्यार्कच्या दारात गेले. त्याच्याशी मी नोव्हेंबरपासून बोलले नव्हते. म्हटलं, "माझी बहीण गेली. हिला ठेव. गोळी घालायची तर घाल." त्याने चादरीसकट तिला घेतलं आणि मला स्टेशनवर सोडलं.

कासेलला फ्राऊ वेंट मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुम्ही कुत्रीवाल्या बहीण का?" मग मला खाली बसवून विचारत राहिल्या, आता घरात फिरते का, गोळी घेते का, घोरते तेव्हा शिट्टी कशी येते. त्यांना सगळं पाठ होतं. वॉर्डातली ती शेतावरची बाईही आली होती अंत्यविधीला, काठी टेकत. तिनेही तेच विचारलं. तिथे माझी ओळख द्यायला दुसरं काहीच नव्हतं. मी सांगत गेले. काय करणार होते? आणि सांगताना, इन्सा, मला क्षणभर बरं वाटलं. हेही तुला कळलेलं असू दे.

परत आले तेव्हा सरळ त्यार्ककडे गेले. मनात धरून चालले होते की ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली असेल, पाय सोललेला असेल, कदाचित जिवंतही नसेल. आणि मला तसंच हवं होतं. तसं दिसलं असतं तर निदान मी जे केलं त्याला काही कारण राहिलं असतं.

ती ओट्यावर त्याच्या बुटांवर आडवी पडली होती. तो डुकराच्या चरबीची साल कापून देत होता आणि ती त्याच्या हातातून खात होती. घाईघाईने, बोटं चाटून. मला बघून शेपटी हलवली. एकदाच, थोडीशी. ती पहिल्यांदाच हलवली.

मी विचारलं, "कधीपासून खाते?"

"आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी जेवत होतो, आली, घेतलं. कसले नखरे सांगत होतीस तू हिचे?"

"आणि मेंढ्या?"

"मेंढ्यांना हीच घाबरते. पायात पायात करते नुसती." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "ते गोळीचं मी चिखलात भिजलो होतो म्हणून बोललो, गेशे. तू ते धरून बसलीस? आधी यायचंस. ठेवून घेतली असती महिना-दोन महिने, त्यात काय."

मी तिथेच ओट्यावर बसले. त्याला वाटलं मी टाल्केसाठी रडते आहे, आणि त्याने आत जाऊन चहा ठेवला.

घरी येताना ती माझ्या बाजूने चालत आली, दोरी नसताना. दार उघडल्यावर माझ्या आधी आत गेली. मी तिच्यावर रागवून पाहिलं. हाकलून द्यावं असंही मनात आलं, दार उघडं ठेवून उभी राहिले. ती शेगडीजवळ जाऊन वळली आणि मी दार का लावत नाही म्हणून बघत बसली. तिला थंडी वाजत होती. मी दार लावलं.

मला क्षमा कर असं मी लिहीत नाही. तुला उत्तर हवं होतं, ते हे आहे.

तुझी मावशी
गेशे


ऑस्लो, २७ मार्च

गेशेमावशी,

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत. नाव अजून ठरत नाही.

तुझं पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं. तू खरं लिहिलंस याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आईही अशीच होती, सगळं सांगायची आणि कुणाला कळू द्यायची नाही. तुम्हा दोघींपैकी कुणावर रागवावं ते मला समजत नाही, आणि आई आता नाही, म्हणून तो राग तुझ्या वाट्याला येतो. हे न्यायाचं नाही हे मला कळतं.

उन्हाळ्यात आम्ही तिकडे येणार होतो, ते या वर्षी नको.

पत्र लिहीत जा. पण मावशी, कुत्रीबद्दल मला काही लिहू नकोस. मला ते वाचवत नाही.

इन्सा


ओस्टरवार्फ, १५ मे

प्रिय इन्सा,

बाळाचे मोजे पाठवते आहे, तीन मापांचे. लोकर नवी आणली आहे, टोचणार नाही. नाव ठरलं की कळव.

इथे वारा आहे, पाऊस कमी. वाटाणे लावले, ते वर आले. त्यार्कच्या मेंढ्यांची लोकर कापून झाली, आता त्या लहान आणि उघड्या दिसतात. माझे गुडघे बरे आहेत. रोज सकाळी आम्ही बंधाऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन येतो. जाऊन येते. ओहोटी असली की पार कडेपर्यंत चिखलच दिसतो.

बाकी लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. लिहायला बसते तेव्हा कळतं की गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

मागच्या आठवड्यात मी कबरीवर जाऊन आले. सकाळच्या गाडीने निघाले, ब्रेमेनला बदलली, आणि दुपारच्या चहाला कासेलमध्ये होते. फ्राऊ वेंट म्हणाल्या, एवढ्या लवकर कशा आलात. फेब्रुवारीत गेले तेव्हा माझं लक्षच नव्हतं. या वेळी खिडकीशी बसून बघितलं, इन्सा. अगदीच जवळ आहे ते.

गेशे